एअरफॉइल: पंखाच्या कापातली गोष्ट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सुट्टीच्या दिवशी मी मुलांना थर्माकोलची रिमोटवर उडणारी विमानं करायला शिकवतो. तापलेल्या तारेने पंख कापायला घेतला की प्रश्न सुरू होतात, आणि मुलांपेक्षा सोबत आलेल्या पालकांचे जास्त. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदाचं लिहून काढायचं ठरवलं.

एअरफॉइल म्हणजे पंखच ना?

नाही, पंखाचा काप. लादीपाव सुरीने कापल्यावर कापलेल्या बाजूला जो आकार दिसतो, तसा पंख पुढून मागे उभा कापला तर दिसणारा आकार म्हणजे एअरफॉइल. साडीच्या काठावरची कोयरी आठवा. ती आडवी करायची, ताणायची, चपटी करायची आणि शेपटीचा आकडा सरळ करायचा. पुढे गोलसर, मागे निमुळती, वरून फुगीर.

पाच शब्द कळले की पुढचं सोपं जातं. गोल असते ती पुढची कड, धारदार असते ती मागची कड. दोन्हींना जोडणारी सरळ रेषा म्हणजे कॉर्ड. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या बरोबर मधून जाणारी रेषा कॉर्डपासून जितकी वर वाकते तो कँबर, म्हणजे पंखाचा बाक. समोरून येणारी हवा आणि कॉर्ड यांच्यातला कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक. याला मराठीत काहीतरी भारदस्त नाव असेल, पण मैदानावर सगळे ‘अँगल’च म्हणतात.

पंखाला वर उचलणारं बल म्हणजे लिफ्ट. तिला ‘उचल’ म्हणावं असं मला फार वाटायचं. पण उचल म्हटलं की आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळीला मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कमच डोळ्यासमोर येते. म्हणून लिफ्टच बरी.

एवढं जड विमान हवेवर तरंगतं तरी कसं?

तरंगत नाही. ते सतत हवा खाली ढकलत असतं आणि हवा त्याला वर ढकलत असते.

सेस्ना 172 हे चार जणांचं छोटं विमान घेऊ. भरलेलं असताना वजन सुमारे 1,100 किलो, पंखाचा विस्तार 11 मीटर. ताशी 216 किमी वेगाने जाताना त्याच्या पंखांच्या टप्प्यात दर सेकंदाला ढोबळमानाने 7 टन हवा येते. त्या हवेला सेकंदाला दीडेक मीटर एवढा खालच्या दिशेचा वेग दिला की विमानाचं वजन पेललं जातं. दीड मीटर म्हणजे आपल्या चालण्याचा वेग, पण 7 टनांना आणि दर सेकंदाला. हेलिकॉप्टरखाली उभं राहिलं की हा वारा डोक्यावर जाणवतो. विमान पुढे निघून जातं म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. याच सेस्नाच्या पंखाचं क्षेत्रफळ 16.2 चौरस मीटर आहे, म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे 68 किलोचा भार. आपल्या डोक्यावरचं वातावरण समुद्रसपाटीला दर चौरस मीटरला 10 टनांच्या आसपास दाबत असतं. म्हणजे पंखाच्या खालच्या आणि वरच्या दाबात एक टक्क्याहूनही कमी फरक पडला तरी विमान हवेत राहतं. एअरबस ए320 मध्ये 78 टन वजन आणि 122.6 चौरस मीटर पंख, तरी हा फरक 6 टक्क्यांच्या आसपासच येतो. पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा मी दोनदा तपासला होता.

पण वरच्या बाजूचा दाब कमी का होतो?

कारण हवा वळते. घाटातल्या वळणावर एसटी वळते तेव्हा तिला वळणाच्या आतल्या बाजूला रेटणारं काहीतरी लागतं. तिथे ते काम टायर आणि रस्त्यातलं घर्षण करतं. पंखाच्या पाठीवरून वळून खाली जाणाऱ्या हवेला आत रेटतो तो बाहेरच्या हवेचा दाब. तो आत रेटू शकतो, कारण पंखालगतचा दाब त्याच्यापेक्षा कमी असतो. जितका जोरात वळसा, तितका पाठीवरचा दाब कमी.

आणि समोर कमी दाब दिसला की मागून येणारी हवा तिकडे धावते. पाठीवर हवेचा वेग वाढतो तो यामुळे. ‘वेग वाढला म्हणून दाब कमी झाला’ असं बर्नुलीच्या नियमाचं नाव घेऊन सर्रास म्हटलं जातं. ते चूक नाही, पण त्यातून वेग मुळात का वाढला ते कळत नाही.

आम्हाला शाळेत शिकवलं होतं की वरची वाट लांब असते, म्हणून हवेला धावावं लागतं. तेच ना हे?

नाही. हा गैरसमज इतका घट्ट आहे की मी आता चिडणंही सोडलंय.

ती गोष्ट अशी: पुढच्या कडेला हवेचे दोन शेजारी कण वेगळे होतात, एक वरून जातो, एक खालून, आणि दोघांनी मागच्या कडेला एकाच वेळी भेटायचं असतं. वरची वाट लांब, म्हणून वरचा पळतो. आता विचारा, त्यांनी भेटलंच पाहिजे असं कुणी ठरवलं? तसा निसर्गाचा कुठलाही नियम नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या होल्गर बाबिन्स्की यांनी 2003 च्या सुमारास पंखावरून धुराचे तुटक पट्टे सोडून हे दाखवलं. वरचा धूर खालच्यापेक्षा स्पष्टपणे आधी पोचतो. भेट होतच नाही.

बरं, गणितही जुळत नाही. सेस्नासारख्या पंखात वरची वाट फार तर दोनेक टक्क्यांनी लांब. वेगही तेवढाच जास्त धरून दाबातला फरक काढला, तर ताशी 216 किमीला वजनाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढीच लिफ्ट मिळते. उतरताना वेग निम्मा झाला की तीच चौथाई. असं विमान धावपट्टी सोडणारच नाही.

आणि राइट बंधूंच्या विमानाचा पंख बघा. लाकडी बरगड्यांवर ताणलेलं कापड, बाकदार पण पातळ. वरची वाट आणि खालची वाट जवळपास सारखीच. तरीही 17 डिसेंबर 1903 ला ते उडालं.

मग बर्नुली बरोबर की न्यूटन?

दोघंही. एक दाबाचा हिशेब ठेवतो, दुसरा ढकललेल्या हवेचा. जमाखर्च एकच, वह्या दोन.

सपाट पुठ्ठासुद्धा तिरका धरला की उडतो. मग एवढा आकार कशाला?

माझ्या मते हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तो बहुतेक वेळा सहावी-सातवीतलं पोरगंच विचारतं.

खरं आहे. तिरका पुठ्ठा हवा खाली वळवतो, कागदी विमान उडतं, पतंग उडतो. हवा खाली वळवायला एअरफॉइलची गरज नाही. एअरफॉइल लागतो तो हवा पाठीवरून न सुटता वळावी म्हणून.

पाठीवरच्या हवेचा प्रवास सायकलवाल्यासारखा असतो. पुढच्या कडेपासून फुगवट्यापर्यंत दाब कमी कमी होत जातो, म्हणजे उतार. मजेत वेग घेतला जातो. तिथून मागच्या कडेपर्यंत दाब पुन्हा वाढत जातो, म्हणजे चढ. तो चढ आधी मिळवलेल्या वेगाच्या जिवावर काढायचा असतो. आता पृष्ठभागाला अगदी चिकटून जाणारा हवेचा पातळ थर घर्षणाने आधीच दमलेला असतो. चढ तीव्र असेल तर तो मध्येच थांबतो, मागे फिरतो, आणि वरची सगळी हवा पाठीपासून सुटते. लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने 1904 मध्ये या थराचं महत्त्व दाखवून दिलं, आणि वर्षानुवर्षं अडलेली बरीच कोडी त्यामुळे सुटू लागली.

सपाट पुठ्ठ्याच्या धारदार पुढच्या कडेवरून वळसा घेताना हवा तिथेच सुटते. म्हणून एअरफॉइलची पुढची कड गोल, आणि मागचा भाग लांब निमुळता, म्हणजे चढ हलका. लोक फुगवटा बघतात. करामत त्याच्या मागच्या उतरत्या पाठीत असते. आमच्याकडे थर्माकोल कापताना तार मागच्या कडेशी जरा रेंगाळली की तिथे खळगा पडतो. मुलं म्हणतात, ‘सर, शेवटी तर आहे, चालेल.’ नाही चालत. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, बोट फिरवल्यावर कुठे अडखळत नाही इतकं साफ करावं लागतं.

स्टॉल म्हणजे हवेत इंजिन बंद पडणं का?

नाही. गाडी ‘स्टॉल’ झाली या वापरामुळे हा घोळ होतो. विमानाच्या बाबतीत स्टॉल पंखाचा होतो. अँगल वाढवत नेला की लिफ्ट वाढत जाते, पण साधारण 15 अंशांच्या आसपास पाठीवरची हवा सुटते आणि लिफ्ट एकदम घसरते. इंजिन ठणठणीत असलं तरी.

माझं स्वतःचं पहिलं मॉडेल असंच गेलं. उतरवताना ते पोचणार नाही असं वाटलं, म्हणून मी रिमोटची काडी मागे ओढली. नाक वर आलं, वेग कमी झाला, मी आणखी ओढली. विमान क्षणभर हवेत थबकल्यासारखं झालं, डावा पंख पडला आणि नाकावर आलं. काडी पुढे करायला हवी होती. खाली पडत असताना नाक आणखी खाली करायचं, हे हाताला शिकवणं फार अवघड असतं.

कसलेल्या वैमानिकांनाही ते अवघड जाऊ शकतं. 1 जून 2009 ला रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं उड्डाण अटलांटिकमध्ये कोसळलं आणि 228 जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ अडकून आकडे चुकले, ऑटोपायलट सुटला, आणि त्यानंतर विमानाचं नाक वर खेचलं गेलं. सुमारे 38,000 फुटांवरून ते साडेतीन मिनिटांत खाली आलं. इंजिनं चालू होती, पंख शाबूत होते, पण अँगल 35 अंशांच्या वर गेलेला होता.

खिडकीतून बघताना उतरायच्या वेळी पंख उघडतो, मागून लोंबतो. काही बिघडतं का?

बिघडत नाही, पंख आकार बदलतो. शक्य असेल तेव्हा पंखाच्या थोडं मागची खिडकी मागा, पैसे वसूल होतात.

लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, वेग निम्मा झाला की लिफ्ट चौथाई. जलद उडायला पातळ, कमी बाकाचा पंख सोयीचा. हळू उतरायला मोठा आणि जास्त बाकदार. दोन पंख बरोबर नेता येत नाहीत. म्हणून घरघर आवाज करत मागून फ्लॅप नावाच्या फळ्या सरकतात आणि वाकतात, पुढून स्लॅट नावाच्या पट्ट्या बाहेर येतात. स्लॅट आणि पंख यांच्यात फट राहते. त्या फटीतून खालची ताजी हवा पाठीवर येते आणि दमलेल्या थराला मागून धक्का देते. मुंबईवर फिरणाऱ्या घारीकडेही ही युक्ती आहे: उतरताना तिच्या पंखाच्या पुढच्या कडेला, अंगठ्याच्या जागी असलेली छोटी पिसं उभी राहतात.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईला उतरत असाल तर आणखी एक गोष्ट दिसेल. पंखाच्या पाठीवर अचानक पांढरं धुकं उमटतं आणि विरतं. शेजारचा प्रवासी घाबरून धूर म्हणतो. तो धूर नसतो. पाठीवर दाब कमी झाला की हवा गार होते आणि दमट हवेतल्या बाष्पाचे तिथेच थेंब होतात. लिफ्ट डोळ्यांनी बघायची असेल तर ती हीच.

चाकं टेकल्यावर पाठीवरच्या फळ्या ताडकन उभ्या राहतात. त्या मुद्दाम हवा सोडवतात, म्हणजे वजन चाकांवर येतं आणि ब्रेक लागतात.

पंख वरून फुगीर असेल तर विमान उलटं कसं उडतं?

नाक जास्त वर धरून. अँगल पुरेसा दिला की उलटा एअरफॉइलही हवा खालीच वळवतो, फक्त कमी कार्यक्षमतेने. कसरतीच्या विमानांना बहुधा दोन्ही बाजूंनी सारखाच एअरफॉइल देतात, त्यामुळे त्यांना सुलट-उलट सारखंच.

एअरफॉइलच्या नावातले 2412 वगैरे आकडे काय असतात?

ती कुंडली असते. पहिला आकडा बाक किती: कॉर्डच्या 2 टक्के. दुसरा तो बाक कुठे: पुढच्या कडेपासून 40 टक्क्यांवर. शेवटचे दोन जाडी: 12 टक्के. सेस्ना 172 चा पंख याच घराण्यातला. मुळाशी कॉर्ड 1.6 मीटरच्या आसपास, म्हणजे जाडी सुमारे 19 सेंटीमीटर आणि बाक जेमतेम 3 सेंटीमीटर. आकड्यांची ही पद्धत अमेरिकेच्या नाका या सरकारी संस्थेची, म्हणजे आजच्या नासाच्या पूर्वजाची. 1933 च्या अहवालात तिने अशा 78 एअरफॉइलची मोजमापं छापली.

त्याआधी सगळा अंदाजपंचे कारभार होता असं मात्र नाही. 1901 च्या ग्लायडरला गणिताने सांगितली त्याच्या कितीतरी कमी लिफ्ट मिळाली, तेव्हा राइट बंधूंनी डेटनमधल्या आपल्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली आणि तिच्यात पंख्याने वारा सोडला. आत करवतीची पाती आणि सायकलच्या स्पोकच्या तारा वापरून केलेला तराजू. त्यावर त्यांनी दोनेकशे छोटे पंख तपासले. कळलं ते असं की ज्यावर ते विसंबले होते ते ऑटो लिलिएन्थाल या जर्मन ग्लायडरवाल्याचे लिफ्टचे तक्ते बऱ्यापैकी ठीक होते. अठराव्या शतकापासून सगळे डोळे झाकून वापरत आलेला हवेच्या दाबाचा एक गुणक खऱ्यापेक्षा दीडपट मोठा होता.

मी मुलांना सुरुवातीला क्लार्क वाय देतो. 1922 मधला एअरफॉइल, लिंडबर्गच्या अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानावर हाच होता. माझं कारण मात्र साधं आहे: त्याचा तळ बराचसा सपाट असतो, त्यामुळे पंख टेबलावर ठेवून चिकटवता येतो.

पातळ पंख जास्त चांगला ना? पात्यासारखा?

सुरुवातीच्या बहुतेकांना तसंच वाटायचं, कारण त्यांच्या छोट्या पेट्यांतल्या छोट्या पंखांवर पातळच सरस ठरायचा. खऱ्या आकारात आणि खऱ्या वेगात हवा वेगळी वागते. पहिल्या महायुद्धात जर्मनीतल्या फोकर विमानांना जाड पंख आले आणि ती जोरदार चढू लागली. शिवाय जाड पंखात भक्कम तुळई मावते, बाहेरच्या तारा-टेकू कमी होतात, आणि आज इंधनही तिथेच भरतात.

ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की पुन्हा गणित बदलतं. पाठीवरची हवा ध्वनीचा वेग ओलांडते, धक्कालाट तयार होते, ओढ, म्हणजे विमानाला मागे खेचणारा हवेचा विरोध, वाढते. त्यावर नासाच्या रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी 1960 च्या दशकात पाठ चपटी आणि मागचा भाग खालून खोलगट असलेला एअरफॉइल काढला. आजच्या प्रवासी जेटचे पंख त्याच वळणाचे.

इंजिन बंद पडलं तर पंखाचा उपयोग काय?

पूर्ण उपयोग. पंखाला हवा पुढून येत राहिली पाहिजे. ती इंजिन ढकलतंय म्हणून येते की उंची खर्च करून येते, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 24 ऑगस्ट 2001 ला एअर ट्रान्सॅटच्या ए330 चं इंधन गळतीमुळे अटलांटिकवर संपलं. दोन्ही इंजिनं बंद. ते सुमारे 120 किमी हवेत घसरत जाऊन अझोर्स बेटांवर उतरलं आणि सगळे वाचले.

पंखावर थोडा बर्फ जमला तर एवढं काय?

वजनाचा प्रश्न नसतो, आकाराचा असतो. मेहनतीने घडवलेली कोयरी दोन मिनिटांत खडबडीत होते. 31 ऑक्टोबर 1994 ला अमेरिकेत इंडियानातल्या रोझलॉनजवळ एटीआर 72 विमान यामुळेच पडलं, 68 जण गेले. एटीआरच्या पंखाच्या पुढच्या कडेला काळी रबरी पट्टी असते. ती फुगवून बर्फ फोडतात. त्या दिवशी बर्फ पट्टीच्या मागे जमला होता. त्यानंतर ती पट्टी रुंद केली गेली.

लेहला विमान भरून का नेत नाहीत?

लेहचा विमानतळ 3,256 मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने विरळ, म्हणजे त्याच वेगाला लिफ्टही पाव हिश्श्याने कमी. ऊन चढलं की आणखी कमी. म्हणून विमानं बहुतेक सकाळची आणि वजन मोजून.

विमान सोडून एअरफॉइल कुठे बघायला मिळेल?

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पात्याला मुळापासून टोकापर्यंत पीळ असतो, तो नीट बघा. कामशेतला पॅराग्लायडर पसरून ठेवलेला असतो तेव्हा नुसतं कापड दिसतं, पण पुढच्या तोंडांतून हवा शिरली की त्याचा एअरफॉइल होतो. घरातला छताचा पंखा मात्र बहुधा नुसता वाकवलेला पत्रा.

घरी करून बघता येईल?

येईल. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, टेबल फॅन आणि कापलेला थर्माकोल एवढं पुरे. फॅनची हवा पीळ घेऊन येते, म्हणून समोर स्ट्रॉचा जाड जुडगा चिकटवून उभा करा, हवा सरळ होते. पंख 20 सेंटीमीटर लांब आणि 10 रुंद ठेवा, दोन उभ्या काड्यांवर बसवून काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, मग फॅन लावा. अँगल चार-पाच अंश केला की काटा उणे दहा-पंधरा ग्रॅम दाखवतो. कोन वाढवत जा. एका जागी आकडा परत फिरतो आणि पंख थरथरायला लागतो. तिथे हवा सुटली.

एक आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तक्रारी येतात. याच काट्यावर वहीचा पुठ्ठा थोडा बाक देऊन ठेवलात, तर तो तुमच्या घासूनपुसून केलेल्या क्लार्क वायला बहुतेक हरवेल. मापं चुकली असं समजून पंख फेकू नका. एवढ्याशा पंखाला, एवढ्याशा वाऱ्यात पातळच सरस ठरतो. फोकरच्या आधीचे बहुतेक जण इथेच फसले होते.